बेच्चग

तीस वर्षं मी पोरांना हवा थंड कशी करायची ते शिकवलं. आयटीआयमध्ये फ्रिज आणि एसीचा ट्रेड माझ्याकडे होता. आधी बिलोली, मग लोहा, शेवटी नांदेड. एवढ्या वर्षांत या हातांनी बर्फ पुष्कळ केला, पण आभाळातून पडताना एकदाही पाहिला नाही. वर्गात एखादं पोरगं विचारायचं, "सर, खरा बर्फ कसा असतो?" मी म्हणायचो, "हाच खरा. गप बस." मनात मात्र ते खुपायचं, कारण मला उत्तर माहीत नव्हतं.

म्हणून रिटायर झाल्यावर मी ठरवलं, घरासारखी गाडी बांधायची आणि नवरा-बायकोनं तिच्यातच राहत ऐन हिवाळ्यात हिमाचलात जायचं. नोकरीभर मी बदलीच्या गावी खोली करून राहिलो आणि बायको लातुरात मुलाची शाळा सांभाळत राहिली. शनिवारी संध्याकाळी घरी यायचं, सोमवारी पहाटेची बस धरायची. आता तरी चोवीस तास एका जागी राहू, असा माझा बेत होता. तो मी तिला न विचारता केला होता, ही गोष्ट वेगळी.

मी रिटायर झालो त्याच महिन्यात पुण्याला मुलाला मुलगी झाली आणि बायको दोन महिन्यांसाठी तिकडे गेली. त्या दोन महिन्यांना आता दोन वर्षं झाली. मीही एकदा गेलो होतो. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या पाहायच्या, सुनेनं "बाबा, चहा?" विचारलं की "चालेल" म्हणायचं, यापलीकडे मला तिथं काम नव्हतं. आठव्या दिवशी लातूरच्या बसमध्ये बसलो. कुणी जा म्हणालं नव्हतं. राहाच असंही कुणी म्हणालं नव्हतं, आणि मला तेवढं कारण पुरलं.

गाडी मिळाली ती वऱ्हाडं वाहून थकलेली टेम्पो ट्रॅव्हलर. सीट काढल्या तर खालच्या पट्ट्यांत अक्षता अडकलेल्या. नांदेडला देगलूर नाक्याकडे गाड्यांची बॉडी बांधणारा एक मिस्त्री माझ्या ओळखीचा होता. त्याला मी तासभर समजावलं. पत्र्याच्या आतून रबराचा फोम, त्यावर चंदेरी कागद, त्यावर प्लायवूड. पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये लोखंडाचा एकही तुकडा नको, लोखंडातून थंडी आत येते. त्यानं सगळं ऐकून घेतलं, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाला, "सीधा बोलो ना सर, फ्रिज उल्टा बनानेका है."

मला हे फार आवडलं. उलटा फ्रिज. बायकोला फोन करून पहिल्यांदा हेच सांगितलं आणि मग बेत सांगितला.

इथं एक खुलासा करायला हवा. आमच्या घरात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हणायचं असलं की आम्ही 'बघू' म्हणतो. माझे वडील एखाद्या सोयरिकीला बघू म्हणाले की पाहुणे चहा संपवून चपला शोधायचे. बायको लग्नानंतर सहा महिन्यांत हे शिकली आणि मग आमच्यापेक्षा चांगलं वापरायला लागली. त्यामुळं फोनवर मी बघू ऐकायची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "गाडी बेच्चग झाली तर यीन."

ती उदगीरच्या पलीकडची, अगदी सीमेवरच्या गावची. माहेरी सगळे कानडी बोलायचे. आमच्याकडे आल्यावर ती मराठीच बोलली, पण चार-दोन शब्द तिनं कधी बदलले नाहीत. बेच्चग त्यातला एक. म्हणजे ऊबदार. अंथरूण बेच्चग, आंघोळ घालून गुंडाळलेलं पोर बेच्चग. मला शब्द कळत होता. शिवाय ती बघू म्हणाली नव्हती, अट घालून हो म्हणाली होती, आणि अट माझ्या विषयातली होती. मला तर परीक्षेत येणारा प्रश्न आधीच मिळाल्यासारखं झालं.

येळवसेला ती येणार होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमचा लातूर भाग सगळा शेतात जातो, शहरात दुकानं बंद आणि रस्ते ओस पडतात. त्या दिवशी ती येणार, रात्रभर गाडीत झोपणार आणि तिची खात्री पटली की संक्रांतीनंतर निघायचं. माझ्या हातात महिना-सव्वा महिना होता. लातूरशेजारच्या मुरुडजवळ आमचं चार एकर वावर आहे, ते शेजारचे एक शेतकरी बटईनं करतात. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही. मी गाडी नेऊन वावरात बाभळीखाली उभी केली आणि तिथंच राहायला लागलो. लातुरात घर असताना वावरात झोपायचं म्हणजे येडेपणा, हे मामांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं.

आमच्याकडची थंडी हिमाचलाची नव्हे, हे मला कळतं. पण त्या वर्षी लाट आली होती. उघड्या वावरात उत्तरेकडून वारं सुटलं की हीव हाडात शिरतं. मी दोन थर्मामीटर लावले, एक आत, एक बाहेर आरशाच्या दांडीला. पहिल्या सकाळी बाहेर सात आणि आत नऊ. एवढा फोम, एवढा चंदेरी कागद, आणि फरक दोन डिग्रीचा.

मी चिडलो. मी चिडतो लवकर, शिकवणाऱ्या माणसाला ती खोड लागते. सगळ्या फटी शोधल्या. दाराच्या कडा, खिडक्यांच्या जाळ्या, वरचं झाकण, पायाखालची वायरीची भोकं, जिथं बोट जाईल तिथं रबर आणि चिकटपट्टी कोंबली. डबा करून टाकला. दुसऱ्या सकाळी आत अकरा होते आणि माझ्या तोंडावर पाणी ठिबकत होतं. छत घामानं डबडबलेलं, उशी ओली, वाकळ ओली. माझाच रात्रभराचा श्वास छताला लागून माझ्यावर पडत होता. हवा थंड पत्र्याला लागली की तिच्यातलं पाणी सुटतं, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. माझा पाषाण तर चिंब होता.

वाकळ बाभळीवर वाळत घातली. वर एक जाळी उघडली, खाली एक उघडली, म्हणजे ओली हवा वरून जावी आणि कोरडी खालून यावी. माणसाला ऊब हवी असेल तर थोडं वारं आत येऊ द्यावं लागतं, हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण खरं आहे.

संध्याकाळी बायकोला फोन करायचो. दिवसभरात माझं तोंड उघडायचं ते तेव्हाच.

"आज आत अकरा, बाहेर सात."

"बरं. जेवलाव का?"

"हो. काल नऊ होतं."

"बरं. काय केलतं जेवायला?"

"पिठलं. उद्या खालच्या बाजूचं बघतो, बारा व्हायला हरकत नाही."

मग तिकडून नातीचा आवाज यायचा, आजी आजी करणारा, आणि ती म्हणायची, "ठिवते." फोन ठेवल्यावर गाडीत इतकं शांत व्हायचं की थर्मामीटरवरचा आकडा बदलतानाही आवाज होईल असं वाटायचं. मी मग स्वेटरवर स्वेटर घालायचो आणि काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचो.

एके दिवशी फार थंडी पडली. बाहेर सहा, वारं वेगळंच. मामांनी वावरात शेकोटी केली होती, संध्याकाळी मीही बसलो होतो. ते घरी गेल्यावर मला वाटलं, एवढे चांगले निखारे वाया का घालवायचे. घमेल्यात भरले, गाडीत नेले, दार लावलं आणि हात शेकत बसलो. आकडा सरसर चढला. चौदा, पंधरा, सतरा. मला इतका आनंद झाला की वरची जाळीही मी लावून घेतली. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. डोकं जड झालं, झोप यायला लागली, आणि झोप फार गोड वाटली.

मामा ताकाची बरणी द्यायला परत आले म्हणून मी हे लिहायला आहे. हाका मारूनही मी बोललो नाही तेव्हा त्यांनी दार ओढलं आणि मला काखेत हात घालून बाहेर काढलं. मी वावरात पालथा पडून ओकलो. मामा माझ्या पाठीवर थापट्या मारत ओरडत होते, "सर, मरायलाव काय? आं? शिकल्याला माणूस तुमी! शेकोटी आत नेत असतेत व्हय कुटं? शेकोटीच्या भवती बसायचं असतंय!"

बंद खोलीत कोळसा जळला की काय होतं, हेही मी शिकवलं होतं. त्यातल्या गॅसला वास नसतो, हे वाक्य मी फळ्यावर अधोरेखित करून लिहायचो. त्या रात्री फोनवर बायकोनं विचारलं, "आवाज असा का येऊ लालाय?" मी म्हणालो, "जरा सर्दी आहे. आज सतरा झालं होतं."

दुसऱ्या दिवसापासून मामांनी माझ्यात लक्ष घातलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हीव वरून येत न्हाई, खालून येतंय. वारं बुडातून खेळून राहिलंय." मग आम्ही दोघांनी कडब्याच्या पेंढ्या आणल्या आणि गाडीच्या चारी बाजूंनी चाकांच्या उंचीपर्यंत रचल्या, म्हणजे बुडाखालून वारं जाऊ नये. गादीखाली पोती, पोत्यांखाली कडबा. अंगावर चार पांघरुणं घेण्यापेक्षा अंगाखाली दोन जास्त बरी, हे मामांचं शास्त्र माझ्या पुस्तकात नव्हतं. रात्री आत तेरा राहिले. सकाळी उठून दार उघडलं तर मामांचे दोन बैल माझं सगळं इन्सुलेशन रवंथ करत उभे. आम्ही पुन्हा पेंढ्या रचल्या आणि या वेळी त्यांच्याभोवती काटेरी बोराट्या लावल्या.

इतर गोष्टी मी हळूहळू शिकलो. दिवसभराचे कपडे, मोजेसुद्धा, झोपण्याआधी काढून कोरडे घालायचे, कारण घामाचा ओलावा रात्री बर्फासारखा गार पडतो. डोकं झाकायचं. उकळतं पाणी स्टीलच्या बाटलीत भरून, तिला पायमोजा घालून पायाशी ठेवायची. उपाशी झोपायचं नाही. गूळ-शेंगदाणे खाऊन झोपलेला माणूस पोटातूनच तापतो. हे सगळं करूनही चौदाच्या वर आकडा जाईना. शेवटी नांदेडच्या मिस्त्रीनं डिझेलवर चालणारा एक छोटा हीटर बसवून दिला. जाळ त्याच्या पोटात, धुराची नळी गाडीच्या बाहेर आणि आत नुसती कोरडी गरम हवा. टिकटिक करत चालतो. मिस्त्री म्हणाला, "अब भाभीजान को बुलाओ सर, बर्फ में भी पसीना आयेगा." त्या सकाळी आत अठरा आणि बाहेर सहा. मी आकड्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी त्याचा अर्थ शाबास असा घेतला.

येळवसेच्या पहाटे ती पुण्याहून लातूरला उतरली. मी तासभर आधीच गाडी लावून, हीटर चालू करून थांबलो होतो. ती स्वेटर, शाल, कानाला मफलर अशी उतरली. वर्षभरात थोडी वाळली होती, केस जास्त पिकले होते. आत चढली, गादीवर हात फिरवला, हीटरपुढं तळवे धरले आणि म्हणाली, "गरम हाय की." मुरुडपर्यंत मी तिला हीटर कसा चालतो ते समजावत आलो. ती खिडकीतून करडई बघत होती.

येळवसेचा दिवस मामांच्या वावरात गेला. कडब्याची कोप केली होती, तिच्यात पाच दगडांची पूजा झाली, मामा आंबील शिंपडत पिकाभोवती फिरून आले. मग पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, तिळाची पोळी. रस्त्यानं जाणाऱ्यालाही त्या दिवशी हाका मारून बसवतात, एकट्यानं जेवायचं नाही असा रिवाज आहे. बायको मामींबरोबर वाढत होती, हसत होती, ओळख नसलेल्या बायकांच्या लेकरांना मांडीवर घेत होती. आमच्या घरी मी तिचं असं हसणं कधी ऐकलं ते आठवेना. मला वाटलं, आज संध्याकाळी आकडा बघून ती अजून खूश होईल.

अंधार पडल्यावर आम्ही गाडीत आलो. मी थर्मामीटर दाखवला. ती गादीवर आडवी झाली, वाकळ गळ्यापर्यंत ओढली. थोड्या वेळानं म्हणाली, "पोरगी झोपताना माझं बोट धरून झोपती. सोडवून घ्यावं लागतंय."

मी म्हणालो, "थंडी नाही ना वाजत? अठरा आहे बघ."

"न्हाई."

मग ती बराच वेळ छताकडे बघत होती. एकदा माझं नाव न घेता नुसतं "अहो" म्हणाली. मी म्हणालो, "ती खालची जाळी झाकू नकोस हं, दव साचतं." ती हूं म्हणाली आणि कुशीवर वळली. हीटर टिकटिक करत राहिला. मी समाधानानं झोपलो, हे मला लपवायचं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा तिची जागा रिकामी होती. आत अठरा. दाराची काच पुसून बाहेर पाहिलं. नुकतं उजाडत होतं, वावरावर धुई होती. मामांच्या कोपीपुढं तुरीच्या काटक्यांची शेकोटी पेटली होती आणि माझी बायको मामींना चिकटून बसली होती. दोघींच्या खांद्यांवर मिळून एकच शाल. मामी काहीतरी सांगत होत्या आणि ही हसून हसून पुढं वाकत होती. मी बाहेरचा थर्मामीटर पाहिला. सहा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अनवाणी तसाच गेलो.

"आत अठरा आहे आणि तू इथं सहामध्ये बसलीस? उद्या छाती भरली म्हणजे?"

मामी चहाचं निमित्त करून उठल्या. बायकोनं शाल नीट ओढून घेतली आणि माझ्याकडे न बघता शेकोटीत काटकी सारली.

"गाडी गरम हाय हो," ती म्हणाली. "बेच्चग न्हाई."

"एकच ना ते!"

"न्हाई. एक न्हाई." मग तिनं सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आमच्या माहेरी एका सोप्यात तेरा माणसं झोपायची. वर पत्रे, पत्र्याला भोकं. हीव असं की विचारू नका. आई दिवा मालवायच्या आधी विचारायची, बेच्चग? आन सगळ्यांनी हूं म्हणायचं. एखाद्याचं हूं आलं न्हाई की ती उठून त्याच्यापाशी जाऊन बसायची. कुणाला काय झालंय, कोण रुसलंय, कोण रडायलंय, सगळं त्या एका शब्दात निघायचं. डिग्री कुणी मोजली न्हाई."

"मग हे आधी सांगायचं नाही? मी सव्वा महिना..."

"सांगितलं व्हतं की. मी सांगितलं, तुमी मोजलं." ती चिडली नव्हती, तेच वाईट होतं. "काल रातच्याला मी वाट बघितली, काय तरी बोलताल. तुमी दोनदा बोललाव. एकदा अठरा आन एकदा दव. बिलोलीला असताना बी शनिवारी यायचाव, फ्रिज बघायचाव, मोटार बघायचाव, पंख्याला तेल घालायचाव, सोमवारी जायचाव. मी म्हणायची, दमतेत, रिटायर झाल्यावर बोलतील."

मी अजून चिडलो. म्हणालो की मग हिमाचलाचं तिकडंच राहू दे, मला काही हौस नाही लोकांना ओढून न्यायची. ती म्हणाली, "मी कुटं न्हाई म्हणले?" आणि चहा घ्यायला मामींकडे गेली.

त्याच संध्याकाळच्या बसनं ती पुण्याला परतली. ते आधीच ठरलेलं होतं, रागानं गेली नाही. मामींनी हुरड्याची पिशवी दिली होती, ती मी तिच्या पायाशी ठेवली. बस सुटता सुटता तिनं काच सरकवली आणि म्हणाली, "टोपी घालत जावा." मी हूं म्हणालो. तेवढंच म्हणालो.

दोन दिवस मी फोन केला नाही. तिनंही केला नाही. मी हीटर खोलून साफ केला, पुन्हा बसवला, वरच्या जाळीचं रबर बदललं. सगळं उत्तम चालत होतं आणि दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपण दुसऱ्याला हसतो. मी त्या अठरा डिग्रीत टोपी घालून बसलो होतो आणि मला हीव भरलं होतं. बिलोलीची खोली आठवली, लोह्याची आठवली. शनिवारची वाट मीही बघायचो. आठवडाभर ठरवायचो की घरी गेल्यावर तिला हे सांगू, ते सांगू. आणि घरी गेलो की फ्रिजचा आवाज कानात यायचा आणि मी पाना-स्क्रूड्रायव्हर काढायचो, कारण ते मला येत होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला.

"किती हाय आज?" तिनं विचारलं. टोमणा असेल कदाचित. मला तो गोड लागला.

"बघितलं नाही."

मागे नातीचं खेळणं वाजत होतं.

"मला करमत नाही," मी म्हणालो. इतकं मोठ्यानं म्हणालो की मलाच दचकायला झालं. "आजचं नाही ते. बिलोलीपासून करमत नाही."

खेळण्याचा आवाज लांब गेला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी, दार लावल्याचं ऐकू आलं. मग अगदी हळू, दिवा मालवायच्या आधी विचारावं तसं, ती म्हणाली, "मग हिकडं या की. गाडी ऱ्हाऊ द्या तितं. उद्याच्या बसनं या. पोरगी तुमचं बी बोट धरील."

मी गाडीभर नजर फिरवली. चंदेरी कागद, हीटर, कोरडे मोजे, पायाशी ठेवलेली बाटली. मग सातवा मजला आठवला, ती गॅलरी, आणि "बाबा, चहा?" मला हो म्हणायचं होतं. हो माझ्या ओठांपर्यंत आलंही होतं.

"बघू," मी म्हणालो.

तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं. तिलाही आलं. ती हा शब्द आमच्याच घरात शिकली होती, त्यामुळं तिनं पुन्हा काही विचारलं नाही. "बरं," ती म्हणाली. "टोपी घाला. ठिवते."